पेशीला न मारता पेशी कशी बघायची?

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचे तास असायचे, पण ते बेंचखाली दुसरंच काहीतरी वाचण्यात जायचे. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर माझी रूम पार्टनर अर्धा तास हसत होती. शुद्धलेखन तिनेच तपासलंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या!

मी ई अँड टीसीची. अकरावीत बायोलॉजी सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तेव्हा वाटलं होतं, चला, बेडूक-झुरळांपासून सुटले. पण गेल्या उन्हाळ्यात एका संशोधन संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तीही बायोलॉजीच्या लॅबमध्ये. काम तसं माझ्याच लाइनचं होतं. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या फोटोंमधला नॉइज कमी करण्यासाठी प्रोग्राम लिहायचा. तिथे पीएच.डी. करणाऱ्या एका ताईंच्या हाताखाली मी होते.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी मला पहिल्यांदा रात्रीची जबाबदारी दिली. काचेच्या डिशमध्ये माणसाच्या जिवंत पेशी होत्या. त्यांच्यातल्या मायटोकाँड्रिया हिरव्या चमकतील अशी सोय केलेली. दर दोन मिनिटांनी त्यांचा फोटो, असं बारा तास चालणार होतं. सगळं सेट करून ताई जेवायला गेल्या. मी स्क्रीनवर बघितलं तर फोटो अंधुक, दाणेदार. मला वाटलं, असा नॉइज असेल तर माझा प्रोग्राम काय डोंबल करणार? म्हणून मी लेझरची पॉवर वाढवली. काय सुंदर फोटो आला म्हणून सांगू! हिरव्या दोऱ्यांचं जाळं, एकेक दोरा वेगळा. मी खूश होऊन रूमवर येऊन झोपले.

सकाळी बघितलं तर दोऱ्यांचे तुकडे तुकडे होऊन नुसते ठिपके उरले होते. पेशी आक्रसून गोल झाल्या होत्या आणि त्यांच्या कडेला फोड आल्यासारखे बुडबुडे दिसत होते. एकही जिवंत नव्हती.

“अगं, लेझर किती ठेवला होतास?” ताईंनी विचारलं.

“वीस टक्के.”

“मी दोन म्हटलं होतं ना?”

एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पेशी तयार करायला त्यांना तीन आठवडे लागले होते. त्या दिवशी मला मेसचं जेवण गेलं नाही (आणि तेही मेसच्या जेवणाचा दोष नसताना!). उरलेल्या इंटर्नशिपमध्ये मी हेच समजून घेत बसले की नुसतं बघितल्याने पेशी मरते कशी, आणि न मारता बघायचं कसं. तेच तुम्हाला सांगणार आहे.

‘सेल’ म्हणजे खोली

पेशीला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. हे नाव १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी दिलं. त्यांनी बुचाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला, तर त्यांना लहान लहान कप्पे दिसले. सेल म्हणजे छोटी खोली. म्हणजे आपल्या होस्टेलसारखंच! फरक एवढाच की हूकना दिसल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारं केव्हाच मरून गेलं होतं. जीवशास्त्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या शब्दाचं बारसं असं मेलेल्या वस्तूवरून झालं.

जिवंत सूक्ष्मजीव पहिल्यांदा नीट बघितले ते थोड्याच वर्षांनी, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी. हे गृहस्थ कापडाचे व्यापारी. स्वतः भिंगं घासून त्यांनी पाण्यात वळवळणारे जीव बघितले. पण पुढची दोनशे-अडीचशे वर्षं एक अडचण राहिलीच. पेशी बहुतेक पाण्याची बनलेली असते, त्यामुळे ती जवळजवळ पारदर्शक असते. पाण्याच्या ग्लासात काचेची गोटी शोधण्यासारखं ते काम. त्यावर उपाय म्हणजे रंग चढवायचा. पण बरेचसे रंग चढवण्याआधी पेशी रसायनात बुडवून घट्ट करावी लागते, म्हणजे मारावीच लागते. पुढे १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. त्यात बारीक गोष्टी भन्नाट दिसतात, पण नमुना ठेवावा लागतो व्हॅक्यूममध्ये. तिथे कोण जिवंत राहणार?

आर्मस्ट्राँगची मेथड, पण पेशीवर

पहिली मोठी सुटका केली फ्रिट्स झेर्निके या डच भौतिकशास्त्रज्ञाने. ज्यांनी ॲनालॉग कम्युनिकेशनचा पेपर दिलाय (किंवा पुन्हा देणार आहेत) त्यांना हे लगेच कळेल. पेशीतून जाणारा प्रकाश कमी-जास्त होत नाही, फक्त थोडा मागे पडतो. म्हणजे त्याची फेज बदलते. आपला डोळा आणि कॅमेरा दोघेही फक्त ॲम्प्लिट्यूड ओळखतात, फेज नाही. माहिती आलेली असते, पण फेज मॉड्युलेशनमध्ये, आणि आपल्याकडे रिसीव्हर आहे ॲम्प्लिट्यूडचा!

झेर्निकेंनी काय केलं? पेशीला न भेटता सरळ आलेला प्रकाश, म्हणजे आपला कॅरिअर, तो एका खास काचेतून नेऊन पाव तरंगलांबीने सरकवला. नव्वद अंश. झालं! फेजमधला फरक उजेड-अंधाराच्या फरकात बदलला. एफएम तयार करायची आर्मस्ट्राँगची मेथड आठवा, तिचाच हा उलटा प्रयोग. कल्पना सुचली १९३० च्या सुमारास. १९३२ मध्ये झेर्निके ती घेऊन जर्मनीतल्या झाइस कंपनीकडे गेले, तर तिथे फारसा उत्साह कोणी दाखवला नाही. १९५३ साली याच कामाला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज पेशी वाढवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये हा फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असतो. रंग नाही, विष नाही, पेशी आरामात जगते.

जेलीफिशचा दिवा

पण फेज कॉन्ट्रास्टमध्ये सगळंच दिसतं. गर्दीतला एकच माणूस शोधायचा असेल तर? त्याच्या हातात दिवा द्यायचा. हा दिवा मिळाला समुद्रातल्या एका जेलीफिशकडून. ओसामू शिमोमुरा यांनी हजारो जेलीफिश गोळा करून त्यांतलं चमकणारं द्रव्य वेगळं केलं, आणि १९६२ च्या त्यांच्या पेपरमध्ये एका हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचाही उल्लेख आला. त्याला जीएफपी म्हणतात. निळा प्रकाश टाकला की ते हिरवा प्रकाश देतं. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचा जीन जंतामध्ये घालून दाखवलं की दुसऱ्या जिवंत प्राण्यातही हा दिवा लागतो. रॉजर त्सिएन यांनी त्याचे वेगवेगळे रंग तयार केले. तिघांना मिळून २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता पेशीतल्या हव्या त्या प्रोटीनला पेशी स्वतःच दिवा बांधते. ताईंच्या मायटोकाँड्रिया चमकत होत्या त्या अशाच. मग माझं चुकलं कुठे?

हिशोब करून बघू या

समजा लेझरची पॉवर फक्त १ मिलिवॅट आहे. आपल्या लेझर पॉइंटरएवढी. पण मायक्रोस्कोप ती अर्ध्या मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतो. क्षेत्रफळ काढा, भागाकार करा. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ लाख वॅट येतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा असतो ०.१ वॅट. म्हणजे मे महिन्यातल्या उन्हाच्या ५० लाख पट! हा ठिपका एका जागी काही मायक्रोसेकंदच थांबतो हे खरं, पण आपल्या शरीरातल्या पेशींनी कातडीखालच्या अंधारात असलं काही कधी बघितलेलंच नसतं.

शिवाय चमकणारा रेणू प्रत्येक वेळी मिळालेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत देतोच असं नाही. कधी कधी ती शेजारच्या ऑक्सिजनला जाते. मग तो ऑक्सिजन बिथरतो आणि समोर येईल त्या प्रोटीनवर, पेशीच्या आवरणावर, डीएनएवर हल्ला करतो. याला फोटोटॉक्सिसिटी म्हणतात, म्हणजे प्रकाशाची विषबाधा. जांभळ्या-निळ्या प्रकाशात ती जास्त, लाल प्रकाशात कमी.

पेशी मेली तर निदान कळतं तरी. खरी भीती वेगळीच आहे, हे मला ताईंनी समजावलं. थोडाच जास्त प्रकाश पडला तर पेशी मरत नाही, आजारी पडते. विभाजन लांबवते, मायटोकाँड्रियाचे तुकडे करते. आणि आपण तिचा व्हिडिओ काढून म्हणतो, बघा, पेशी अशी वागते! प्रत्यक्षात ती आपल्या लेझरमुळे तशी वागत असते. म्हणून चांगल्या लॅबमध्ये शेजारी एक डिश अंधारात ठेवतात आणि शेवटी दोन्हींकडे किती पेशींचं विभाजन झालं ते मोजतात. आकडे जुळले तरच व्हिडिओवर विश्वास ठेवायचा. आपल्याकडे मल्टिमीटर लावल्यावर सर्किटच लोड झालं तर रीडिंग चुकतं, तसंच हे.

कवडसा

आमचा मायक्रोस्कोप होता कॉन्फोकल. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता (हे तेच मिन्स्की, आर्टिफिशियल इंटेलिजन्सवाले). त्यात कॅमेऱ्याच्या जागी डिटेक्टर आणि त्यापुढे एक बारीक छिद्र असतं. हव्या त्या थरातला प्रकाश छिद्रातून आत येतो, वर-खालच्या थरांतला अडतो. चित्र स्वच्छ. पण प्रकाश अडतो तो परत येताना! जाताना तो पेशीच्या सगळ्या जाडीतून जातोच. त्या रात्री दर दोन मिनिटांनी एकदा, म्हणजे १२ तासांत ३६० वेळा, आणि दर वेळी ४० थर, असं स्कॅनिंग झालं. म्हणजे पेशीच्या प्रत्येक भागाने १४,४०० वेळा मार खाल्ला, आणि त्यातला ४० पैकी एकच वेळचा प्रकाश आमच्या कामी आला. बाकी सगळा फुकट.

यावरचा उपाय इतका साधा आहे की ऐकून हसू येतं. सकाळी खिडकीच्या फटीतून रूममध्ये कवडसा येतो, तेव्हा त्यातलीच धूळ चमकते. बाकीच्या खोलीत धूळ नसते का? असते (आमच्या रूममध्ये तर भरपूर!), पण तिच्यावर प्रकाश नसतो. पेशीलाही असंच करायचं. प्रकाशाचा एक पातळ पडदा बाजूने आत सोडायचा आणि दुसऱ्या भिंगातून काटकोनात बघायचं. जो थर बघायचाय त्याच्यावरच प्रकाश, बाकीचे अंधारात आरामात. ४० पटींची उधळपट्टी बंद! शिवाय कॅमेरा पूर्ण थराचा फोटो एकदम घेतो, त्यामुळे वेगही वाढतो.

बाजूने प्रकाश टाकायची युक्ती सीडेनटोप्फ आणि झिगमोंडी यांनी १९०३ च्या सुमारास काचेतले सोन्याचे कण बघायला वापरली होती. पण जिवंत प्राण्यांच्या वाढीकडे ती खऱ्या अर्थाने वळली २००४ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये एर्न्स्ट श्टेल्झर यांच्या ग्रुपकडून. याला लाइट शीट मायक्रोस्कोपी म्हणतात. २००८ साली तर झेब्रा माशाच्या अंड्याचे पहिले २४ तास, पेशी न पेशी, असे टिपले गेले. झेब्रा मासा म्हणजे आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांमधला बोटभरही लांब नसलेला मासा, बरं का! आणि हे सगळं बघून झाल्यावरही पिल्लू जिवंत.

दगडावर कोरलेलं सूत्र

आता दुसरी अडचण. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं की भिंग कितीही चांगलं घासा, प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत. म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. जर्मनीत येना इथे त्यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेलं आहे. पेशीतली कितीतरी यंत्रं याहून लहान आहेत. प्रोटीन बनवणारा रायबोसोम फक्त २५ नॅनोमीटरच्या आसपास असतो.

दगडावरची रेघ म्हणतात ती हीच. तरी लोकांनी तिला वळसा घातला. तीन वाटा सांगते.

पहिली वाट श्टेफान हेल यांची. १९९४ मध्ये त्यांनी कल्पना मांडली, २००० मध्ये करून दाखवली. एका लेझरने रेणू चमकवायचे आणि लगेच मेदूवड्याच्या आकाराच्या दुसऱ्या लेझरने कडेचे विझवायचे. चमकतं फक्त वड्याचं भोक. वड्याची पॉवर वाढवावी तसं भोक लहान. पण ही पॉवर प्रचंड लागते, आणि ती सोसायची पेशीने. तरीसुद्धा २०१२ मध्ये हेल यांच्या ग्रुपने जिवंत उंदराच्या मेंदूतले बारीक काटे या पद्धतीने बघितले.

दुसरी वाट एरिक बेट्झिग यांची. रात्री लांबून होस्टेल बघा. सगळ्या खिडक्या उजळल्या असतील तर एकच पिवळा ठिपका दिसतो. पण एका वेळी एकाच रूमचा दिवा लागला तर? ठिपका तेवढाच पसरट दिसेल, पण त्याचा मध्य कुठे ते अचूक काढता येईल. १०० फोटॉन मिळाले तर अचूकता दहापट, कारण वर्गमूळ १० येतं. असं एकेका रेणूचा दिवा लावत हजारो फोटो काढायचे आणि नकाशा पुरा करायचा. दिसतं जबरदस्त, पण वेळ लागतो. तोवर जिवंत पेशी थोडीच पोज देऊन बसते?

बेट्झिग यांची गोष्ट आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी खास. १९९० च्या दशकात बेल लॅब्जमधली नोकरी त्यांनी कंटाळून सोडली. पुढे वडिलांच्या मशीन टूल्सच्या कंपनीत काम केलं. तिथे बनवलेलं यंत्र बाजारात चाललं नाही. मग २००५ मध्ये हॅराल्ड हेस या मित्राच्या घरातल्या हॉलमध्ये दोघांनी मिळून हा मायक्रोस्कोप जुळवला! २००६ मध्ये पेपर, आणि २०१४ मध्ये हेल आणि विल्यम मर्नर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल.

तिसरी वाट माझी सगळ्यात आवडती. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरा. जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठे पट्टे दिसतात ना? मॅट्स गुस्ताफसन यांनी २००० मध्ये पेशीवर सपाट प्रकाशाऐवजी बारीक पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकला. भिंगाला न दिसणारी बारीक रचना आणि हे पट्टे मिळून मोठे पट्टे तयार होतात, आणि ते भिंगातून जातात. हा तर आपला मिक्सर! जास्त फ्रीक्वेन्सीचा सिग्नल खाली आणून पासबँडमध्ये बसवायचा. पट्टे फिरवत-सरकवत साधारण नऊ फोटो काढायचे, बाकी काम कॉम्प्युटरचं. फायदा फक्त दुप्पट, म्हणजे १०० नॅनोमीटरपर्यंत. पण प्रकाश पहिल्या दोन वाटांपेक्षा खूपच कमी लागतो, म्हणून जिवंत पेशींना ही वाट मानवते.

आणि बेट्झिग? ज्या महिन्यात नोबेल जाहीर झालं, त्याच ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांच्या ग्रुपचा नवा पेपर आला, आणि तो होता पातळ कवडशाचा! प्रकाशाचा पडदा आणखी पातळ करून त्यांनी धावत्या पेशींचे आणि वाढत्या भ्रूणांचे व्हिडिओ काढले. जिवंत पेशी बघायची तर फक्त बारीक दिसून भागत नाही, हे त्यांनाही पटलं होतं.

आपलं तिथे काय काम?

भरपूर! दहा सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी एका अंशाने तापली तर २.३ मायक्रॉन लांब होते. म्हणजे आबेंच्या मर्यादेच्या दहापटींहून जास्त. रात्रीत एसी बंद-चालू झाला की फोकस गेलाच. पेशींना हवं ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि खाली न हलणारं टेबल. हे सगळं मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं काम. कॅमेरा आमचा. आणि सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवाल्यांचं. २०१८ मध्ये ड्रेस्डेनमधल्या शास्त्रज्ञांनी न्यूरल नेटवर्कला कमी आणि जास्त प्रकाशातले फोटो जोडीजोडीने दाखवून शिकवलं, आणि मग कमी प्रकाशातल्या दाणेदार फोटोतून ते स्वच्छ चित्र काढू लागलं. म्हणजे नॉइज घालवायला लेझर वाढवायची गरज नाही. फक्त सावध राहायला हवं, कारण असं नेटवर्क कधी कधी नसलेली गोष्टही छान रंगवून दाखवतं. व्हायवामध्ये आपण करतो तसंच!

इंटर्नशिप संपायच्या आठवड्यात ताईंनी मला पुन्हा एक डिश दिली. विचारलं तर म्हणाल्या, “आता तूच कर.” मी लेझर दोन टक्क्यांवर ठेवला. दर दोन मिनिटांऐवजी दर पाच मिनिटांनी फोटो, आणि थर ४० वरून १२. स्क्रीनवर जे दिसत होतं ते बघून कोणी म्हटलं असतं, कॅमेरा बिघडलाय. त्या रात्री मी रूमवर आले, पण झोप काही लागली नाही.

सकाळी सात वाजता जाऊन बघितलं. रात्री चौकटीत तीन पेशी होत्या. आता चार होत्या, आणि पाचवी-सहावी एकमेकींपासून सुटी होत होती. मग अंधारातली डिश काढून मोजली. आकडे जवळपास सारखेच आले. फोटो तसेच दाणेदार होते, पण त्यांच्यासाठी तर माझा प्रोग्राम होता!

आपल्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्येही एक मायक्रोस्कोप पडून आहे. बॅटरीवरचा एक एलईडी, एक चांगला वेबकॅम आणि तळ्यातलं थेंबभर पाणी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. ज्यांना इंटरेस्ट असेल त्यांनी मुलींच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा. फक्त एक अट आहे. एलईडी कमी ठेवायचा.